पाहुणे किती, हे आधी झऱ्याला विचारा

एका डोंगराळ जिल्ह्यातल्या लहानशा गावातून हे पत्र आलं आहे. लेखिका शिक्षणासाठी आणि नंतर नोकरीसाठी बरीच वर्षं बाहेर होत्या, आता गावी परतल्या आहेत. गावातली कितीतरी घरं कुलूपबंद आहेत, तरणी मुलं शहरात आहेत, नुसत्या शेतीवर वर्ष निघत नाही. अलीकडे ट्रेकिंगला आणि फोटो काढायला येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. ते सकाळी येतात, कचरा टाकतात आणि संध्याकाळी निघून जातात. लेखिकेने आठ-दहा घरांना सोबत घेऊन होमस्टे सुरू करायचं मनावर घेतलं आहे. तेवढ्यात बाहेरच्या एका कंपनीने गावाच्या वरच्या अंगाची सामाईक जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली आहे. तिथे तंबूंची वसाहत होणार, गावातल्या मुलांना नोकऱ्या मिळणार, जाहिरातीचं सगळं कंपनी बघणार. गावच्या बैठकीत काही वयस्कर मंडळींनी होमस्टे आणि कंपनी, दोन्हींना हरकत घेतली. लेखिका विचारतात : ‘आम्हाला भूतानसारखे कमी पण चांगला खर्च करणारे पर्यटक हवेत. जाहिरात आम्हाला जमत नाही, मग कंपनीला हो म्हणावं का? विरोध करणाऱ्यांना कसं पटवावं? आम्ही थांबलो तर शेजारचं गाव पुढे जाईल, ही धास्ती आहेच.’

ताई,

पर्यटक कसे येतील याबद्दल तुम्ही खूप लिहिलं आहे. ते आल्यावर त्यांच्याबद्दलचे निर्णय कोण घेणार, याबद्दल मात्र पत्रात एक ओळही नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

पेरू देशात तितिकाका सरोवरात, समुद्रसपाटीपासून जवळपास ३,८०० मीटर उंचीवर, ताकिले नावाचं बेट आहे. १९७०च्या दशकात तिथे परदेशी पाहुणे यायला लागले तेव्हा बेटावरच्या लोकांनी दोन गोष्टी आपल्या हातात ठेवल्या. आलेला पाहुणा कोणाच्या घरी उतरणार हे पाळीने ठरायचं, आणि पाहुण्यांना आणणाऱ्या होड्याही बेटावरच्याच लोकांच्या होत्या. पुढे १९९०च्या दशकात वाहतुकीवरचा त्यांचा हक्क गेला आणि किनाऱ्यावरच्या शहरातल्या एजन्सींच्या बोटी आल्या. पाहुणे सकाळी येऊन दुपारी परतायला लागले. बेटावर येणारी माणसं वाढली, पण त्यांच्या खर्चातला बेटाचा वाटा कमी झाला. घरं तीच होती, देखावा तोच होता, लोकांचं विणकामही तेच होतं. फक्त होडी दुसऱ्याची झाली होती.

तुमच्या गावातली होडी कोणती, हे आधी शोधा. माझ्या अंदाजाने ती दोन ठिकाणी आहे : बुकिंगचा फोन कोणाच्या हातात आहे, आणि मुख्य रस्त्यापासून गावापर्यंत पाहुण्याला कोणाची गाडी आणते. कंपनीच्या प्रस्तावात या दोन्ही गोष्टी कंपनीकडे जातात आणि वर जमीनही जाते. मग गावाकडे उरतात त्या नोकऱ्या. त्या किती, वर्षातले किती महिने आणि कोणत्या कामाच्या, हे प्रस्तावात लिहिलंय का? नसेल तर ते आश्वासन हिशोबात धरू नका.

पण जाहिरातीबद्दलची तुमची भीती खोटी नाही. सामुदायिक पर्यटनाचे बहुतेक प्रयत्न तिथेच अडतात. लॅटिन अमेरिकेतल्या सुमारे दोनशे प्रकल्पांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये पुन्हा चर्चेत आले. त्यातल्या अनेक निवासांमध्ये खोल्या भरण्याचं प्रमाण जेमतेम ५ टक्के होतं. संस्थांच्या पैशातून छान खोल्या बांधल्या गेल्या, उद्घाटनं झाली, पण पाहुणा येणार कुठून याचा विचार कोणी केला नव्हता. म्हणून कंपनीशी बोलूच नका, असं मी म्हणणार नाही. जमीन देणं आणि बुकिंग करून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून बोला. पाहुणे आणून देणाऱ्याला प्रत्येक बुकिंगमागे कमिशन द्या. करार एका वर्षाचा, दोन्ही बाजूंना पटलं तर पुढे वाढवायचा. ‘फक्त आमच्यामार्फतच’ ही अट मान्य करू नका. दर गावाने ठरवायचा, पाहुण्यांची संख्याही गावानेच ठरवायची, आणि पाहुण्याचे पैसे थेट गावाच्या खात्यात यायला हवेत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा संपर्क तुमच्या वहीतही राहू द्या, कारण दुसऱ्यांदा येणारा आणि मित्रांना पाठवणारा पाहुणा हीच लहान गावाची खरी जाहिरात असते. अशा अटींवर ही कंपनी तयार होणार नाही कदाचित. पण निसर्गसहली, पक्षीनिरीक्षण, शाळा-कॉलेजांच्या सहली नेणारे छोटे गट बरेच असतात आणि त्यांना जमीन नको असते, भरवशाची घरं हवी असतात.

आता भूतानबद्दल. भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडलं ते मोजूनमापूनच. सप्टेंबर २०२३ पासून तिथे बहुतेक परदेशी पाहुण्यांना रात्रीमागे १०० डॉलर शुल्क भरावं लागतं. पण ते सरकार सीमेवर उभं आहे. तुमच्या डोंगराला फाटक नाही, पायवाट कुठूनही वर येते. गावाला शुल्काने गर्दी रोखता येत नाही. गावाच्या हातात असतात ते पलंग, गाडी लावायची जागा आणि वाटाडे. दिवसभरासाठी येऊन कचरा टाकून जाणाऱ्यांसाठी आपल्याकडचं कास पठाराचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. फुलांच्या हंगामात तिथे रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते, आधी नोंदणी करून शुल्क भरावं लागतं आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांतली माणसं असतात. वनखात्याची साथ असल्याशिवाय हे होत नाही, तेव्हा तुमच्या वाटा ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्या खात्याशी होमस्टे सुरू व्हायच्या आधीच बोला. गाड्या गावाच्या खाली थांबवता आल्या, तरी निम्मं काम होईल.

आणि संख्या ठरवायची कशी? इथे मी जरा तपशिलात जाते, कारण या एका गोष्टीवर बाकी सगळं उभं आहे.

वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात तुमच्या झऱ्यावर एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन जा. समजा २० लिटरची बादली भरायला १०० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, दिवसाला साधारण १७,२८० लिटर. गावात १८० माणसं असतील आणि माणशी ५५ लिटर धरलं, तर ९,९०० लिटर झाले. ६० मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे आणखी ३,०००. उरले ४,३८० लिटर. त्यातलं निम्मं वाईट वर्षासाठी आणि खालच्या ओढ्यासाठी सोडा. हातात राहिले २,१९० लिटर. पाहुणा घरच्या माणसापेक्षा जास्त पाणी वापरतो, चादरी-टॉवेलही धुवावे लागतात, म्हणून त्याला ११० लिटर धरा. गावात एका वेळी जेमतेम वीस पाहुणे बसतात, तेही रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तर. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. पण मोजमाप वहीत लिहा, तारीख घाला आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.

डोंगरातल्या माणसांना हा हिशोब परका नाही. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या गावाने १५१७ साली नियम लिहून ठेवला होता : हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर जगवता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून कशी टिकवतात यावर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या मांडणीत हे गाव ठळकपणे येतं. चांगल्या हंगामातला वापर वाईट हंगामातल्या ऐपतीवरून ठरवायचा, एवढंच त्या गावाने केलं. उलट काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१८च्या उन्हाळ्यात सिमल्याचं पाणी इतकं आटलं की तिथले रहिवासी समाजमाध्यमांवरून पर्यटकांना ‘येऊ नका’ म्हणून सांगत होते.

आणखी एक. कंपनीने मागितलेली जमीन गावाच्या वरच्या अंगाला आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. ती झऱ्याच्याही वर आहे का? असेल तर तिथला प्रत्येक शोषखड्डा तुमच्या पाण्याच्या डोक्यावर बसणार. शोषखड्डा पाण्याच्या जागेपासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा, आणि भेगाळलेल्या खडकात तेवढं अंतरही पुरत नाही. होमस्टेसाठी तुम्ही नवीन शौचालयं बांधाल त्यांनाही हाच नियम लावा. हरकत घेणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या मनात हेच असेल का, हे तुम्ही त्यांना विचारलंय?

त्यांना ‘पटवायचं’ कसं, असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं, आधी त्यांचं ऐकायला हवं. पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं की पर्यटक आलेल्या गावाच्या मनात चार पायऱ्या दिसतात : सुरुवातीचा उत्साह, मग उदासीनता, मग चीड, शेवटी वैर. तुमच्या गावाला एका रुपयाची कमाई न होता लोक तिसऱ्या पायरीवर पोहोचले आहेत, कारण आतापर्यंत पर्यटकाचं त्यांना दिसलेलं रूप म्हणजे उघड्या दारातून आत रोखलेला कॅमेरा आणि बांधावरची बाटली. पर्यटनाला ते नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हे असतं. झरा कोणत्या वर्षी आटला होता, कोणता उतार पावसात सुटतो, कोणत्या जागी बाहेरचा माणूस नकोच, हे त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं तुम्हाला आणि मला माहीत नाही. तुमच्या नियमांचा पहिला मसुदा त्यांच्या हरकतींमधूनच तयार करा. फोटो विचारूनच काढायचा, अमुक जागा बंद, रात्री अमुक वेळेनंतर आवाज नाही, वर आणलेली प्रत्येक बाटली आणि पाकीट पाहुण्याने परत खाली न्यायचं, असे नियम पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच पाठवा. दारात आल्यावर सांगितलं की भांडण होतं. एवढं करूनही कोणाचा विरोध राहिला, तर राहू द्या. त्यांचं घर, त्यांची गल्ली पाहुण्यांच्या वाटेतून वगळता येते.

हरकत न घेतलेल्यांपैकी एक आवाज तुमच्या पत्रात मला ऐकू आला नाही, तो घरातल्या बायकांचा. आठ-दहा घरं तयार आहेत, असं तुम्ही म्हणता. तयार कोण झालं? होमस्टेचं काम म्हणजे पहाटे पाणी तापवणं, तीन वेळचा स्वयंपाक, चादरी, झाडलोट आणि दमलेलं असतानाही हसतमुख राहणं. हे शेतीच्या आणि जनावरांच्या कामात मिळवलं जातं, आणि पैसे बहुतेक वेळा ज्याने फोन उचलला त्याच्या हातात जातात. म्हणून घरोघरी जाऊन बायकांशी वेगळं बोला. पैसे त्यांच्या खात्यावर यावेत. पेरणी-कापणीचे दिवस गावाने एकत्रित सुट्टीचे जाहीर करावेत, आणि ‘या आठवड्यात आमच्याकडे नको’ म्हणण्याचा हक्क प्रत्येक घराला असावा, कारण न देता. उत्तराखंडमध्ये मुनस्यारीजवळच्या सरमोलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने त्या गावाचा गौरव केला. तिथले होमस्टे गावच्या बायकांनी उभे केले आहेत आणि वनपंचायतीशी, म्हणजे जंगल राखण्याच्या कामाशी, ते जोडलेले आहेत. मंत्रालयाची नजर पडेपर्यंत त्यामागे कित्येक वर्षांचं काम झालेलं होतं, हेही ध्यानात ठेवा.

पैशाच्या वाटणीबद्दल. ज्यांच्या घरात जास्तीची खोली नाही त्यांना काय मिळणार, याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार नसेल तर तुमच्या आठ-दहा घरांकडे उरलेलं गाव वैऱ्यासारखं पाहील. त्यात त्यांची चूक नसेल, कारण पाहुणा येतो तो डोंगर, जंगल आणि झरा पाहायला, आणि ते सगळ्यांचं आहे. वाटाडे, सामान वाहणारे, गाडीवाले, भाजी-दूध देणारे, कपडे धुणारे ही कामं खोल्या नसलेल्या घरांसाठी राखून ठेवा. घरांची पाळी लावा आणि ती वहीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या प्रदेशातल्या होमस्टेंचं काम मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. तिथे बिबट्या गोठ्यात शिरून मेंढ्या मारायचा आणि लोक सूड म्हणून त्याला मारायचे. या शतकाच्या सुरुवातीला स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या हिमबिबट्याच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने घरांमध्ये पाळीने पाहुणे ठेवायला सुरुवात झाली, आणि उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत जायला लागला. ज्या प्राण्याने नुकसान केलं त्याच्यामुळेच पाहुणे यायला लागले. तुमच्याकडेही प्रत्येक मुक्कामामागे असा ठरलेला हिस्सा गावाच्या निधीत जावा आणि तो कशावर खर्च व्हायचा हे सगळ्या गावाने ठरवावं. झऱ्याच्या वरची झाडी, टाकी आणि कचरा खाली नेणारी गाडी, हे माझ्या मते पहिले तीन खर्च.

मुलं परत येतील, ही आशा तुम्ही पर्यटनावर ठेवली आहे. काही येतील. पण हंगाम काही महिन्यांचा असतो आणि बाकीचं वर्ष कोरडं जातं. नेपाळमधल्या अन्नपूर्णा भागात १९८६ पासून संवर्धनाचं मोठं काम झालं. पर्यटकांकडून घेतलेलं शुल्क त्याच भागात खर्च होतं, सरपणासाठी होणारी तोड कमी करायला लॉजवाल्यांच्या समित्यांबरोबर खूप प्रयत्न झाले. पुढे डोंगरात मोटाररस्ता शिरला आणि पायी चालणाऱ्यांच्या मुक्कामावर जगणाऱ्या काही गावांचा धंदा बसला, कारण पाहुणे जीपमधून पुढे जायला लागले. त्या गावांच्या हातून काही चुकलं नव्हतं. रस्ता, साथीचा आजार, दरड, यातलं काहीही एका वर्षात हंगाम घालवू शकतं. म्हणून शेत पडीक टाकून त्यावर खोल्या बांधू नका, कर्ज काढून तर मुळीच नको. घरात आहे त्या खोलीला चांगलं छप्पर, स्वच्छ शौचालय, कोरडं अंथरूण, एवढ्यावर सुरुवात होते. पर्यटनाचं उत्पन्न शेतीच्या जोडीला राहावं. ज्या घराचं पर्यटनाशिवाय भागतं, तेच घर वाईट पाहुण्याला आणि वाईट कराराला नाही म्हणू शकतं.

शेजारच्या गावाने कंपनीला हो म्हटलं तर? ही भीती दाखवूनच असे करार लवकर उरकले जातात. पाणी, वाटा आणि रस्ता तुमचे आणि त्यांचे बहुधा एकच आहेत, तेव्हा त्यांच्या माणसांना तुमच्या बैठकीला बोलवा. दोन-तीन गावांनी एकच दर आणि एकच कचऱ्याची व्यवस्था ठेवली, तर एका गावाविरुद्ध दुसऱ्याला उभं करणं कोणालाही अवघड जातं. ते तयार झाले नाहीत तरी तुमचं नुकसान नाही. तंबूंची वसाहत पाहून शांत जागा शोधणारा पाहुणा तुमच्याकडेच वळेल.

पहिल्या हंगामात तीन-चार घरांपेक्षा जास्त घेऊ नका. ओळखीपाळखीतले लोक बोलवा, पण दर पूर्ण घ्या, नाहीतर खर्च निघतो की नाही हे कळणारच नाही. प्रत्येक पाहुण्यामागे किती पाणी, किती सरपण किंवा गॅस, कोणाचे किती तास गेले, हे लिहून ठेवा. हंगाम संपला की ती वही भर बैठकीत उघडा आणि ज्या घराला हे नको झालं असेल त्याला सहज बाहेर पडू द्या.

कंपनीला सध्या लेखी कळवा की सामाईक जमिनीचा निर्णय सगळ्या गावाचा आहे आणि कोरड्या महिन्यातलं पाण्याचं मोजमाप झाल्याशिवाय तो होणार नाही. त्याच पत्रात विचारा : रोजचं पाणी किती आणि कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, आणि तीस वर्षांनी किंवा मध्येच सोडून गेलात तर बांधकाम कोण उचलणार. जमिनीची कागदपत्रं एखाद्या वकिलाला दाखवा, सामाईक जमीन भाड्याने द्यायचा अधिकार नक्की कोणाकडे आहे हे त्यातूनच कळेल. तोवर कोणीही, अगदी सरपंचांनीही, कशावर सही करू नये.